माशांच्या पेटीचा पंप

आमच्या हायस्कुलात माशांची पेटी आली ती विज्ञान शिकवणाऱ्या इंद्रभान सरांच्या हट्टामुळे. लोखंडी पट्ट्यांची चौकट, चार काचा, कडेने लिंपलेली लांबी. पाणी दोनदा गळलं, तिसऱ्यांदा थांबलं. त्यात सरांनी नदीतले बोटभर लांबीचे अकरा मासे सोडले. मी मराठी शिकवत असे आणि मासे मला ताटातच बरे वाटतात. तरी मधल्या सुटीत मीही त्या पेटीपुढे उभा राहायचो, हे कबूल केलं पाहिजे.

अडचण पाण्याची होती. साचलेल्या पाण्यात मासे दुपारपर्यंत वर येऊन तोंडं उघडत. मग सर स्टुलावर चढून तांब्याने पाणी काढायचे आणि हातभर उंचीवरून पुन्हा आत ओतायचे. गावात वीज येऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून पंप बसवायचं ठरलं. सरांनी अकोल्याच्या दुकानातला एक बारकासा पंप हेरून ठेवला होता.

"करंगळीएवढी धार पुरे," ते मला म्हणाले. "पाणी नुसतं हललं पाहिजे. आणि ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी हवी, नाहीतर मासे खेचले जातील."

हे त्यांनी मला सांगितलं. सांगायला हवं होतं हिंमतरावांना.

हिंमतराव म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पंप ते स्वतः देणार होते आणि त्याच समारंभात इंद्रभान सरांना कायम केल्याचं जाहीर करणार होते. सरांच्या तीन वर्षांत तीन गावच्या शाळा झाल्या होत्या. दर एप्रिलात बिऱ्हाड बांधणाऱ्या माणसाला 'कायम' या शब्दाचं केवढं अप्रूप असतं, ते मी वेगळं सांगायला नको.

आता पंप निवडायची आमच्या भागात एक रीत आहे. दुकानात पिंप भरायचं, पंप सुरू करायचा आणि धार आपल्या मनगटाशी ताडून बघायची. मनगटाहून बारीक धारेचा पंप घेतला, तर चारचौघांत मान खाली. हिंमतरावांनी जालन्याला जाऊन आपलं भरदार मनगट लावून अर्ध्या एच.पी.चा पंप पसंत केला आणि त्यावर वडिलांचं नाव रंगवून घेतलं. कुणाला विचारायची त्यांना सवय नव्हती. सर बोलायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा पंप ओसरीवर हार घालून ठेवलेला होता.

"कसा काय वाटते, मास्तर?"

"उत्तम आहे," सर म्हणाले.

मी सोबतच होतो. परतताना मी काही बोललो नाही. माझी नोकरीही त्याच अध्यक्षांच्या हातात होती आणि मासे काही माझे नव्हते.

शनिवारी सकाळी समारंभ झाला. पेटीत दोन जाड नळ्या सोडल्या होत्या. बटण दाबायचा मान अध्यक्षांच्या आई झुंबरबाईंचा होता. म्हातारी पुढे आली, वाकून मासे बघत राहिली, मग नळीचं तोंड बघितलं आणि बटणावरचा हात तिने मागे घेतला.

"काऊन थांबली, माय?" हिंमतराव म्हणाले.

"आपल्या हिरीवर मशीन बसवली, तवा पाटात मासोळ्यांचे तुकडे वाहून आले होते. इसरला का बे? हे बारके जीव त्या नळीत जातीन ना."

हिंमतराव लाल झाले. म्हातारी सरांकडे वळली.

"मास्तर, तुमाले माईत होतं का हे?"

सरांनी अध्यक्षांकडे पाहिलं. हो म्हणावं, तर भरल्या सभेत अध्यक्ष तोंडघशी पडणार होते.

"नाही, आजी," सर म्हणाले. "माझ्या ध्यानातच आलं नाही."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. पंप शाळेच्या बागेला द्यायचं ठरलं, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. कायम केल्याचं मात्र कुणी बोललं नाही.

नंतर हेडमास्तरांच्या खोलीत चहा झाला. हिंमतरावांचा राग एव्हाना उतरला होता. ते अगदी मनापासून बोलत होते.

"मास्तर मानूस चांगला आहे, हेडमास्तर. पन माही माय शाळेत गेली नाही, तिले जे समजलं ते सायन्सच्या मास्तरले समजू नये? असा मानूस कायम कसा करावा, तुमीच सांगा."

हेडमास्तरांनी मान हलवली. करंगळीएवढ्या धारेची गोष्ट त्या खोलीत मला एकट्याला माहीत होती. मी बशीत चहा ओतला आणि प्यायलो.

तेवढ्यात दार ढकलून सर आत आले. कायम झाल्याबद्दल वाटायचे पेढे त्यांनी आदल्या दिवशीच आणून ठेवले होते. दार अर्धं उघडंच होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पुडा सोडला आणि पहिला पेढा हिंमतरावांपुढे धरला.