डाव्या चाकातलं ग्रीस

सेनगावजवळच्या तांड्यावरून बाजाराला जाणाऱ्या बायकांना शिला जीपनं नेत असे. नवरा सुदाम जेसीबीवर काम करायला पुण्याकडं गेला आणि फोर-व्हील जीप तिच्या हाती आली. धाकटा दीर धर्मसिंग याला ती स्वतः चालवायची होती. "बाईमाणसाला ओढ्यातनं गाडी झेपत न्हाई," असं तो चारचौघांत बोलला होता. ते तिच्या मनात राहिलं.

त्या मंगळवारी ओढ्याच्या उतारावर तिनं ब्रेक दाबला आणि जीप एकदम उजवीकडं ओढली गेली. मागं बसलेल्या बायका ओरडल्या. शिलानं जोर लावून स्टिअरिंग डावीकडं धरलं, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. बाभळीला घासून जीप थांबली. पुढचं डावं चाक तापलं होतं, आतून तेलासारखं काहीतरी ओघळत होतं.

"परवा तू माहेरी होतीस ना," शेजारच्या मिराबाई हळूच म्हणाल्या, "तवा धर्मसिंग गाडीखाली होता."

चारचौघांतलं त्याचं बोलणं शिलाला आठवलं.

बायकांना दुसऱ्या गाडीत बसवून तिनं जीप हळूहळू सेनगावात नेली. चाकाला नुसता हात लावून मिस्त्री वैजनाथ म्हणाला, "बेअरिंग गेलं. नवं टाकावं लागंल." आता तिला त्याचाही भरवसा वाटेना.

"माझ्यासमोर खोला."

वैजनाथनं चाक काढलं, बेअरिंग डिझेलनं धुतलं, उजेडात फिरवून पाहिलं. "मी चुकलो, ताई. बेअरिंगला डागबी न्हाई." मग चाकाच्या मधल्या हबमधलं ग्रीस त्यानं बोटावर घेतलं. ताकासारखं पातळ. "मी निळं भरलं होतं. ह्यात पिवळं कोणी घातलं? दोन जातींचं ग्रीस मिसळलं की काही वेळा असं पाणी होतंय. चाक तापलं, ते वाहत ब्रेकवर आलं. डावा ब्रेक धरेना, म्हणून गाडी उजवीकडं ओढली."

"मुद्दाम केलं आसंल?"

"ते ग्रीसवरून कळत न्हाई." त्यानं जुनं सगळं पुसून काढलं, ब्रेक साफ केला आणि नवं निळं भरलं. "चाकाला गरमी आन पाणी दोन्ही सोसणारं ग्रीस पाहिजे. स्टिअरिंगच्या सांध्यांत ग्रीस-गननं भरायचं, जुनं बाहेर येईस्तोवर. आन एकदा जे भरलं तेच भरायचं."

घरी येताच शिलानं धर्मसिंगला गाठलं. "भाऊजी, माझ्या गाडीला हात काहून लावला?"

तो गडबडला. मग आतून डबा घेऊन आला. मळणीयंत्राचं ग्रीस, पिवळं. "चाक कुरकुर करून राहिलं होतं, वहिनी. म्हणून भरलं."

"मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी हात लावू दिला असता?"

शिलानं डबा हातात घेऊन पाहिला. त्याचा चेहरा खरा वाटत होता. पण जीप बाभळीला घासली नसती तर त्यानं हे कधी सांगितलं असतं का, हेही तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला शेजारी बसवलं आणि जीप ओढ्यात घातली. उतारावर ब्रेक सरळ लागला. पलीकडं जाऊन धर्मसिंग उतरला, चारी चाकांना हात लावून म्हणाला, "थंड हायेत."

"बरं," असं म्हणून शिला खाली उतरली आणि तिनं स्वतः एकेक चाक पुन्हा तपासलं.