लाल पट्टी

मंदी आली तेव्हा मालकांनी एकाच दिवशी दोन गोष्टी चिकटवल्या. वीज वाचावी म्हणून खोकी बनवणाऱ्या मशीनच्या वेगाच्या तबकडीवर लाल पट्टी, तिच्यापुढे काटा न्यायचा नाही. आणि दाराशी पाव पगार कापल्याची नोटीस. ‘दिवस पालटू द्या, सगळं पूर्ववत करतो,’ असं छातीवर हात ठेवून म्हणाले होते.

दिवस कधीच पालटले. दारात ट्रक ताटकळू लागले, मालकांची नवी गाडी आली. पण पगाराचं नाव काढलं की त्यांना नेमका फोन यायचा.

आज ते स्वतः मशीनपाशी आले. “मिस्त्री, ती पट्टी काढा आणि पुऱ्या वेगानं चालवा. माल आजच जायला हवा.”

सकाळीच मिस्त्रीला त्याच्या बायकोनं विचारलं होतं, “अजून किती दिवस मूग गिळून बसणार?”

त्यानं मशीनच बंद केलं. सगळ्यांच्या माना वळल्या. तो थेट दाराशी गेला आणि नोटिशीवर बोट ठेवून उभा राहिला.

“दोन्ही तुमच्याच हातानं लागल्यात, मालक. आधी ही तुम्ही काढा. पट्टी मी काढतो.”