एका लेकराला एकच नाव

माझं नाव खंत. पूर्ण नाव 'पापाची-खंत', पण तेवढं म्हणेपर्यंत दूध उतू जातं. माझ्या जन्माच्या सुमारास इंग्लंडात, आमच्या ससेक्समध्ये, शुद्ध धर्माची साथ जोरात होती, आणि माझ्या वडिलांना ती चांगलीच लागली. संतांची नावं पोपची, फुलांची नावं मूर्तिपूजकांची, राजाराण्यांची नावं चमच्यांची. मग पोरीला ठेवायला उरलं काय? खंत. मी गल्लीत दिसले की पोरं ओरडायची, "खंत आली रे! पाप कुठंय? मागं राहिलं का?" पाप करायचं माझं वयही नव्हतं, पण पश्चात्ताप आगाऊ भरून ठेवलेला. आईने मला कधीच नावाने हाक मारली नाही. "पोरी" म्हणायची.

लग्न झालं ते पिलबीमांच्या घरात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. नवऱ्याचं नाव अढळ. स्वभावाने गरीब, पण जो शेवटचा बोलेल त्याच्याकडे झुकणारा. सासऱ्यांचं नाव वाद-टाळ. ते कातडी कमावतात आणि चर्चचा कारभार बघतात. गावात त्यांच्याशी भांडण न झालेला एकच माणूस आहे, आणि तो ठार बहिरा आहे.

पार्लमेंटशी झालेल्या लढाईत राजा हरला आणि आमच्या गावात मामंजींचा राज्याभिषेक झाला. पार्लमेंटचं फर्मान येण्याचा अवकाश, त्यांनी चर्चमधलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड पहारीने उपटलं. पोपचं म्हणे ते. आता ते आमच्या अंगणात आहे आणि बदकं त्यात दिवसातून चारदा बाप्तिस्मा घेतात. लेकरांसाठी खानावळवाल्याने पितळी परात दिली. क्रूसाची खूण करणं बंद, धर्माचे आईबाप उभे करणं बंद. लेकराला फक्त बापाने पुढे आणायचं, नाव फक्त बापाने सांगायचं, बाकी कुणी अवाक्षर काढायचं नाही.

अशा शुद्ध झालेल्या इंग्लंडात माझी लेक जन्मली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना मज्जाव, म्हणून मामंजी दाराबाहेरूनच गरजले.

"मुलगी ना? ठरलं मग. विलाप!"

सुईणीला वाटलं घरात कुणी गेलं. "अगं बाई, कोण?"

"कोण नाही. नाव! विलाप पिलबीम. देशाच्या पापांसाठी विलाप."

मी लेकीकडे पाहिलं. तिने जांभई दिली. देशाच्या पापांचा तिच्यावर काही परिणाम झालेला दिसत नव्हता. तिच्या मुठीत माझी करंगळी जेमतेम मावत होती, आणि एवढ्याशा त्या मुठीत मामंजी अख्खं राज्य कोंबायला निघाले होते.

आई मला बियरची मसालेदार पेज भरवत होती. ती कुजबुजली, "मार्गारेट ठेव. संत मार्गारेट बाळंतिणींची."

"आई, हळू. ते ऐकतील आणि तुलाही उपटून अंगणात ठेवतील."

"ठेवू देत. बदकांची तरी सोबत होईल."

मला मार्गारेटही नको होतं. विलाप म्हटलं की पोर पार्लमेंटची, संताचं नाव ठेवलं की राजाची. मला हवं होतं एव्हिस. लहानपणी जत्रेत एका फेरीवालीने आपल्या मुलीला हाक मारलेली मी ऐकली होती. "एव्हिस!" आणि ती पोर हसत धावत आली होती. हाक ऐकून कुणी हसत येतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शिवाय हाकेतला 'ए' नावातच आहे, वेगळा लावावा लागत नाही.

दाराच्या फटीतून मी नवऱ्याला गाठलं. "अहो, एव्हिस म्हणाल ना?"

"एव्हिस. छान आहे की."

"मग तेच सांगा चर्चमध्ये."

"सांगतो ना. तू म्हणतेस तर..."

अंगणातून मामंजींचा आवाज आला. "अढळ! काय ठरलं?"

"विलाप, बाबा!" माझ्याकडे बघून तो ओशाळला. "म्हणजे... आत्तापुरतं गं."

तेव्हाच मला कळलं की घर ते चर्च एवढ्या वाटेत त्याच्या कानाशी मामंजी असणार, आणि माझी लेक विलाप होऊनच परत येणार. कारण मी खोलीतच. बाळंतिणीने महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही. मग डोक्यावरून पांढरं कापड घेऊन चर्चमध्ये जायचं, पाद्रीकडून शुद्ध व्हायचं, आणि त्यानंतरच माणसांत यायचं. आमच्या आयांनी असंच केलं होतं.

पण तोही विधी मामंजींनीच बंद पाडला होता! गेल्या वर्षी भर चर्चमध्ये बाकावर उभं राहून ते ओरडले होते, "बाळंतिणीला विटाळ कसला? हा पोपचा खुळचटपणा!" बायका महिनाभर घरात बसणं मात्र सोडत नव्हत्या, आणि मामंजींचंही त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. सुधारणा बोलायची असते, ती घरच्या सुनेने करायची नसते.

रविवारी बाप्तिस्म्याला न्यायला सुईण लेकीला गुंडाळू लागली तशी मी उठले आणि पायांत जोडे सरकवले.

"पोरी, डोकं फिरलं का?" आईने हात धरला. "अशी बाहेर पडलीस तर पाय पडेल तिथलं गवत जळतं!"

"मग पुढच्या वर्षी त्या वाटेची कापणी वाचेल."

"चक्कर येईल गं." आता तिचा आवाज वेगळा होता.

"येईल. तू धर मला."

मग तिने आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि धरलं.

चर्चच्या दारात आम्हाला बघून मामंजींचा चेहरा कच्च्या कातड्यासारखा झाला. "सूनबाई! तू? या अवस्थेत?"

"कुठली अवस्था, मामंजी?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "विटाळ तर तुम्हीच बंद केलात ना?"

बाकांवरून कुणीतरी खोकलं. त्या खोकल्यात हसू होतं. मामंजी बाजूला सरकले. मी सुईणीकडून लेक घेतली आणि जाऊन नवऱ्याच्या डाव्या कोपराशी उभी राहिले. उजव्या कोपराशी ते होतेच. परातीतलं पाणी सारखं हिंदकळत होतं, कारण ती धरणाऱ्या पाद्रीबाबांना मामंजींची भीती वाटायची.

"लेकराचं नाव?"

अढळने उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. मामंजींच्या ओठांवर 'वि' आला होता. पण बापाखेरीज कुणी बोलायचं नाही हा नियमही त्यांचाच, त्यामुळे तो तिथेच अडकून राहिला. मी लेक फक्त थोडी वर उचलली, त्याला तिचा चेहरा दिसेल इतकी.

"एव्हिस," नवरा म्हणाला. माझा श्वास सुटतो न सुटतो तोच उजवीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि त्याने जोडलं, "विलाप."

दोघंही खूश होतील, असं बिचाऱ्याला वाटलं असावं.

पाद्रीबाबांच्या हातातली परात थांबली. "एका लेकराला दोन नावं? हे काय नवीन?"

"दोन नावं तर राजाच्या फ्रेंच राणीला असतात!" मागून खानावळवाला म्हणाला.

"आणि ती पोपवाली!" आणखी कुणीतरी पुस्ती जोडली.

झालं. पिलबीमांच्या नातीला पोपवाल्या फ्रेंच राणीसारखी दोन नावं! सगळ्या माना मामंजींकडे वळल्या. ते लालबुंद झाले आणि नियम मोडून ओरडले, "एकच! आमच्यात एकच नाव असतं! आम्ही इंग्लिश माणसं आहोत!"

"मग पहिलं घेतो," पाद्रीबाबा घाईघाईने म्हणाले आणि पाणी शिंपडून मोकळे झाले. "एव्हिस."

ती रडली नाही. विलापाला एवढी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती.

आता ती तीन वर्षांची आहे. मामंजी अजूनही अंगणात उभे राहून हाक मारतात, "विलाप! ए विलाप!" ती मान वर करून बघतसुद्धा नाही. पोर कानाने अधू आहे, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलंय. मी कुंपणापाशी जाते, हळूच हाक मारते, आणि ती धावत येते. हसत.