दोन पोती पिसं

हंस गुडघ्यांत दाबून धरून केझियाने त्याच्या डोक्यावर जुना लोकरी मोजा चढवला. मोजा चढवला की हंस चावत नाही, बोंबलत नाही, आणि आपल्याला कोण उपटतंय हे त्याला दिसत नाही. यातली तिसरी गोष्ट तिच्या लेखी सगळ्यांत महत्त्वाची होती. संध्याकाळी त्याच हंसाला तिच्याच हातचे दाणे खायचे असत.

दूध आणि पाणी वेगळं करणारे ते हंस हे नव्हेत. चिखल आणि माणसाची पोटरी यांतला फरकही यांना कळत नसे. पण यांच्याच पिसांवर केझियाचं घर चालायचं. हॉलिसपोर्टमध्ये एकही नवी नवरी तिच्या हातच्या गादीशिवाय सासरी गेली नव्हती. पिसं साठवताना ती टेकडीवरची सुवासिक नेच्याची पानं थराथरातून घालायची. बंदरातल्या कुठल्याही घरात शिरून गादीला नाक लावलं, तर ती केझियाची की नाही ते सांगता येई.

"केझियाबाई, काम जोरात आहे!"

फाटकातून लेमुएल पिंकहॅम आत आला. धक्क्यावर त्याची रमची वखार होती आणि गावच्या कमिटीचा तो म्होरक्या होता. कोण विलायतेच्या राजाला कर देतो, कोण चोरून विलायती चहा पितो, यावर कमिटीची नजर असे. त्याच्या मागे दोघं जण रिकामी पोती घेऊन उभे होते.

"पिसं हवीत," पिंकहॅम म्हणाला.

"गादीला की उशीला?"

"अंगरख्याला." मागचे दोघं फिसकन हसले. "एकाचं माप घेतलंय. डांबर चुलीवर चढलंय."

केझियाला कळलं. माणसाला गरम डांबर फासायचं, वर पिसं चिकटवायची आणि धिंड काढायची; शेजारच्या बंदरांतून असले अंगरखे त्या उन्हाळ्यात बरेच शिवले गेले होते.

"कोण आहे मेला?"

"जकातवाल्यांचा माणूस. राजाचं मीठ खाणारा."

"नाव?"

"नावाशी काय करायचंय तुम्हाला? गाडी इथूनच जाणार आहे, डोळे भरून बघा की."

तिने पुन्हा विचारलं नाही. तिच्या नवऱ्याला भर समुद्रात, मासेमारीच्या होडीवरून राजाच्या आरमाराने जबरीने खलाशी म्हणून उचलून नेलं होतं. नंतर आला तो फक्त निरोप, की तापाने गेला. तेव्हापासून राजा म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. ती माळ्यावर चढली आणि थंडीतल्या गाद्यांसाठी राखून ठेवलेल्या छातीच्या पिसांची दोन पोती खाली लोटून दिली.

"कोंबडीची नका घेऊ हो कुणाची," ती वरून म्हणाली. "ती गळतात. ही लावा, महिनाभर निघायची नाहीत."

पिंकहॅमने टोपी काढून तिला मुजरा केला. मालाची तारीफ झाली की केझियाला बरं वाटायचं, तसं तेव्हाही वाटलं.

उन्हं कलली तेव्हा धिंड आली. पुढे पोरं डबे बडवत होती, मागे हातगाडी, गाडीत खांबाला बांधलेला माणूस. डोक्यावर पिठाची पिशवी ओढलेली आणि गळ्याखाली सगळं पांढरंशुभ्र. कुंपणाशी बायका जमल्या होत्या. "अगंबाई, नवरदेवच दिसतोय!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. केझियाही हसली. तेवढं हसू तिला जन्मभर पुरलं.

कारण गाडी थांबली ती तिच्या शेजारच्या दारात. तिथे त्यांनी त्याला दोर कापून खाली ढकलला आणि सगळे डबे बडवत निघून गेले. ओबेदच्या दारात का टाकला याला, असं ती मनात म्हणतेय तोच त्या माणसाने चाचपडत डोक्यावरची पिशवी काढली. तो ओबेदच होता.

ओबेद हॅलेट बंदराचा वाटाड्या. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा होता, दर वादळात जागा बदलणारा. त्याला चुकवून जहाजं आत आणायची तर ओबेदने होडी घालून पुढे व्हावं लागे. आठवड्यापूर्वीच्या वादळात दांड्याजवळ एका जहाजाने मदतीची तोफ उडवली. ओबेद गेला आणि जहाज आत घेऊन आला. ते निघालं जकातीच्या गलबतांपैकी. कमिटीने जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "धुक्यात मला झेंडा दिसत नाही. तोफ ऐकू येते." हे उत्तर कमिटीला उद्धटपणाचं वाटलं.

बायको गेल्यापासून तो एकटाच राही. रविवारी संध्याकाळी केझियाच्या ओसरीवर येऊन बसायचा. दोघं फारसं बोलत नसत. पण रविवारी केझिया धुवट टोपी घाली, हे अख्ख्या आळीला माहीत होतं.

हंसाच्या चरबीचं मडकं घेऊन ती धावत गेली. डांबर पाण्याने निघत नाही, त्याला चरबीच लागते. चुलीजवळ बसवून तिने त्याच्या पाठीवर चरबी चोळायला घेतली. पिसांबरोबर डांबर सुटत होतं आणि डांबराबरोबर कातडी. ओबेद ओठ चावून बसला होता. खोलीभर नेच्याच्या पानांचा वास सुटला होता. बोलायची काही गरज नसताना ती बोलली.

"कुठून आणली असतील मेल्यांनी ही पिसं!"

ओबेदने गळून पडलेलं एक पीस उचललं. मग म्हणाला, "हंसाची आहेत."

एवढंच. तिचा जीव भांड्यात पडला. याला काही कळलं नाही असं तिने धरलं. खरं कधी सांगायचं ते आपण ठरवू, असंही तिने ठरवलं, आणि मग तो 'कधी' रोज एकेक दिवस पुढे ढकलत राहिली. त्याला गवताची गादी टोचत होती म्हणून तिने घरून आपली स्वतःची उशी आणून दिली.

पुढच्या रविवारी प्रार्थनाघराच्या दारावर ओबेदचं नाव लागलं. स्वातंत्र्याचा वैरी, याच्याशी कुणी देवघेव करू नये. गाव त्या कामात पटाईत निघालं. गिरणीवाल्याने त्याचा मका दळायला नकार दिला, लोहाराने होडीची कडी सांधायला. तसंही होडीचं आता काम नव्हतं. डांबराने डाव्या हाताची बोटं आखडली होती, वल्हं धरवत नव्हतं.

केझियाने युक्ती काढली. दोघांच्या मधल्या कुंपणाच्या रुंद खांबावर ती रोज दिवेलागणीला एक लाकडी वाडगा ठेवायची. कुणी विचारलं तर, हंसांचं खाणं आहे. सकाळी वाडगा धुतलेला, उताणा, तिथेच असायचा. उताणा म्हणजे आजही चालेल. कमिटीच्या माणसांनी एकदा वाडग्यात डोकावून बघितलं. "तुमच्या हंसांना बरा मटणाचा रस्सा लागतो!" ते म्हणाले. "लागतो," केझिया म्हणाली. "देशभक्त हंस आहेत, त्यांना चहा चालत नाही."

लढाई पेटली, लांबली, गावची पोरं गेली, काही आली. राजा हरला. तह झाला. कुंपणावरचा वाडगा हळूहळू केझियाच्या अंगणातल्या बाकावर आला आणि ओबेद दुपारी उघडपणे येऊन जेवू लागला. लोक बघून न बघितल्यासारखं करत. केझियाच्या टोपीखालचे केस पांढरे झाले होते. रोज त्याला वाढताना तिला वाटायचं, हे असंच चाललं तर न सांगताही फिटेल. माणूस मायेने जेवतोय. आणखी काय हवं? आणि दर वेळी वाटायचं, कुणी त्याला सांगितलं तर आपलं काय उरेल?

तहानंतरचा पहिला जुलै महिना. केझिया मोजा चढवून हंस उपटत होती, ओबेद बाकावर रस्सा पीत होता, आणि फाटकातून लेमुएल पिंकहॅम आत आला. आता त्याच्या पोटाने अंगरख्याची बटणं ताणली होती. नव्या राज्याने त्याला जकातीचा अधिकारी नेमलं होतं. रमवर कर, विलायती कापडावर कर, चहावर कर. चहा आता पुन्हा सगळे पीत होते. चुकवेगिरी करणारी दोन कोळ्यांची पोरं त्याने गेल्याच महिन्यात कोठडीत टाकली होती.

"केझियाबाई, काम जोरात आहे!" तो म्हणाला. "काय ओबेद, बरं आहे ना? झालं गेलं गंगेला मिळालं, काय?"

ओबेदने चमचा तोंडात घातला.

"चार तारखेला, स्वातंत्र्याच्या दिवशी, मोठी मिरवणूक काढतोय," पिंकहॅम म्हणाला. "तोफा, भाषणं, जेवण. आणि एक गंमत. गाडीवर पेंढ्याचा माणूस उभा करायचा, त्याला डांबर, पिसं, सगळं साग्रसंगीत. नव्या पोरांना कळायला नको का आपण काय काय सोसलं ते?"

"आपण," ओबेद म्हणाला.

"दोन पोती द्या, बाई. नाही म्हणू नका. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतोय तुम्हाला." मग तो ओबेदकडे वळून मोठ्या कौतुकाने म्हणाला, "तेव्हाची पोतीसुद्धा यांचीच, बरं का! स्वतः माळ्यावर चढून दिली होती. वर म्हणतात कशा, कोंबडीची नका घेऊ, गळतात! अशा बाया होत्या म्हणून देश स्वतंत्र झाला."

केझियाची पकड सुटली. हंस डोक्यावरच्या मोज्यासकट निसटला आणि आंधळ्यासारखा कुंपणावर जाऊन आदळला.

"पिसं नाहीत," ती म्हणाली.

"अहो, अंगणभर तर–"

"नाहीत म्हटलं ना! चालते व्हा इथून."

दुखावलेल्या चेहऱ्याने पिंकहॅम गेला. म्हातारपणी डोकं फिरतं बायकांचं, असं काहीतरी पुटपुटत गेला. केझिया उठली नाही. मान वर करायची तिची हिंमत होत नव्हती.

"मला माहीत होतं," ओबेद म्हणाला.

"कधीपासून?"

"पिशवीने डोळे झाकतात, नाक नाही. पहिली मूठ अंगावर पडली तेव्हाच वास आला. तुझ्या ओसरीवरच्या गिरदीचा."

"मग इतकी वर्षं... एका शब्दाने बोलला नाहीत?"

"बोलून?" त्याने वाडग्याच्या कडेने चमचा फिरवला. "गिरणीवाला दळत नव्हता, हात चालत नव्हता. गावात मला वाढणारी तू एकटी. रागवायलासुद्धा पोटात काहीतरी असावं लागतं, केझिया. मला राग परवडत नव्हता."

 इतके वाडगे तिने मायेचे म्हणून मोजले होते.

"मला नाव सांगितलं नव्हतं हो त्यांनी," ती रडत म्हणाली. "देवाशपथ! तुमचं नाव कळतं तर मी पोत्यावर आडवी पडले असते."

"ते ठाऊक आहे मला." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो अधिक लागला. "तेच तर. ज्याचं नावही माहीत नाही, त्याच्यासाठी तू चांगली पिसं निवडून दिलीस."

तिने मुठीतली पिसं खाली टाकली. 

"आणि आता?" तिने विचारलं.

"आता गिरणीवाला दळून देतो. मागच्या महिन्यापासून." ओबेदने चमचा पुसून बाकावर ठेवला. वाडगा मात्र धुण्यासाठी बरोबर घेतला, नेहमीसारखा. कुंपणाशी मोज्यात धडपडणाऱ्या हंसाच्या डोक्यावरून वाकून त्याने मोजा काढला, तिच्या हातात दिला आणि आपल्या घरी गेला.

चार तारखेला मिरवणूक निघाली. केझिया गेली नाही, पण रस्ता दारावरूनच होता. पेंढ्याच्या माणसाला वाटाड्याची जुनी मेणकापडाची टोपी घातली होती. पिसं कोंबडीची होती आणि वखारीपासून इथपर्यंत रस्ताभर गळत आली होती. सवयीनेच असेल, गाडी ओबेदच्या दारात क्षणभर थांबली. ज्या पोरांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं, ती सगळ्यांत मोठ्याने ओरडली. ओबेद पायरीवर बसला होता. मांडीवर त्याने स्वतः भाजलेली मक्याची भाकर होती, एका बाजूने करपलेली. उजव्या हाताने तुकडे मोडून तो सावकाश खात होता. गाडी पुढे गेली, धक्क्यावर तोफ उडाली, आणि त्या आवाजाने त्याची मान एकदा समुद्राकडे वळली. मग तो पुन्हा खाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाच्या खांबावर केझियाला तिची उशी दिसली. अभ्रा धुतलेला, घडीच्या रेघा तशाच. वाऱ्याने उडू नये म्हणून उशीवर वाडगा ठेवला होता, स्वच्छ घासलेला आणि पालथा.

 उशी काखोटीला मारून ती आत गेली, दुपारी नेहमीसारखा रस्सा केला, त्यात नेहमीपेक्षा जास्त मटण घातलं. वाडगा उताणा करून काठोकाठ भरला आणि खांबावर ठेवला. शेजारचं दार उघडं होतं, आत कुणीतरी वावरत होतं, दोनदा खोकल्याचा आवाजही आला.

दिवेलागणीपर्यंत वाडगा तसाच होता. रश्श्यावर चरबीची साय धरली होती. तिने तो उचलून खाली गवतात ठेवला, आणि हंसांनी येऊन रस्सा खाल्ला.