नोंद नसलेल्या वाटा

मित्रांनो, कचेरीच्या टोकाला असलेल्या थंडगार खोलीत, लोखंडी मांडणीवर जे करडं खोकं सतत घुमत असतं ना, ते मी. मी राऊटर. माझा एक पंखा आताशा घरघरतो, पण कान अजून तिखट आहेत.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला काही म्हणता काही कळत नव्हतं. एका छोट्या इंटरनेट कंपनीने मला आणलं आणि तिथल्या ताईंनी मला घरच्या लेकरासारखं शिकवलं. तुमचे फोटो, तुमचे निरोप तुकड्यातुकड्यांनी माझ्याकडे येतात. त्यांना कोणत्या वाटेने धाडायचं, ते मी ठरवतो. वाटा मला शेजारच्या कंपन्यांचे राऊटर सांगतात. "अमक्या पत्त्यावर जायचंय? माझ्याकडून जा!" असा त्यांचा सारखा धोशा. आम्ही राऊटर मुळात भोळे, जो सांगेल त्याचं ऐकतो.

म्हणून प्रत्येक कंपनीने आपलं धोरण साऱ्यांना वाचता येईल असं नोंदवायचं असतं: आम्ही कोणाच्या वाटा घेणार, कोणाला कोणत्या देणार. शेजाऱ्यांच्या नोंदी वाचून ताई माझे नियम लिहीत. नोंदलेली वाट घ्यायची, बाकीची सोडून द्यायची.

लोक वैतागत. शेजारची कंपनी नवे पत्ते घेई, नोंद करायला विसरे आणि मग फोन करी.

"ताई, दोन मिनिटांचं काम आहे. आमची वाट उघडा की!"

"मग नोंद करायलाही दोनच मिनिटं लागतील, दादा."

तिकडे शेजारच्या कंपनीत ताईंचं नाव 'हेडबाई' पडलं होतं.

एके दुपारी मात्र आमच्या कंपनीचे साहेबच खोलीत आले. नेमकं तेव्हाच शहरातल्या मुलांच्या इस्पितळात एका बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन चालू होतं. दूरच्या एक मोठ्या डॉक्टरीणबाई पडद्यावर बघून इथल्या डॉक्टरांना सांगत होत्या. ते चित्र, तो आवाज माझ्यातून जात होता.

"शेजारी चिडलेत हो," साहेब म्हणाले. "त्यांच्यापुरते नियम काढून टाका. ओळखीची माणसं आहेत."

"ओळखीची आहेत साहेब, पण घाईतली आहेत. ऑपरेशन होईपर्यंत मी हात लावणार नाही."

"आणि ते सोडून गेले म्हणजे?"

ताईंनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर घेतले.

आणि मित्रांनो, तेवढ्यात शेजारचा राऊटर घसा फुटेस्तोवर ओरडू लागला. "साऱ्या जगाचं सामान माझ्याकडून पाठवा!" झालं होतं असं, की नवे पत्ते जोडायच्या गडबडीत त्यांच्या माणसाने स्वतःकडचेच नियम पुसले होते. दुसऱ्या कंपनीकडून ऐकलेल्या सगळ्या वाटा तो बिचारा राऊटर पुढे वाटत सुटला. ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांचा लोंढा त्या चिंचोळ्या बोळात घुसला आणि तुंबला. डॉक्टरीणबाईंकडे जाणारी वाटही त्यातच होती!

मी नियम पाहिले. नोंद आहे? नाही. सोडली. पुढची? तीही नाही. सोडली. वाटांचा नुसता पाऊस पडला, आणि मी एकही घेतली नाही. बाळाच्या हृदयाचं चित्र आपल्या खात्रीच्या वाटेने, जराही न थरथरता, जात राहिलं.

फोन खणखणला. शेजारचा माणूस रडकुंडीला आला होता. "ताई, आमच्याकडून सगळंच सुटलं हो! तुमचं काय काय बंद पडलं?"

ताईंनी पडद्यावर नजर टाकली. "आमचं? काहीच नाही. घाबरू नका, आधी काय पुसलंत ते सांगा. मी आहे फोनवर."

साहेब खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी बसले.

संध्याकाळी इस्पितळातल्या नर्सने कळवलं, "बाळाने डोळे उघडले!" आमच्या त्या एवढ्याशा खोलीत सगळी कचेरी लोटली. टाळ्या काय, हसणं काय! साहेबांनी माझ्या झाकणावर थाप मारली. "शाबास रे पठ्ठ्या!"

"आणि ताईंना?" कोणीतरी विचारलं.

"त्यांना मी काय शाबासकी देणार? मलाच भीती वाटते त्यांची!" साहेब म्हणाले आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. माझा पंखा त्या दिवशी असा काही घुमला म्हणून सांगू!

आज माझ्या शेजारी एक नवाकोरा राऊटर येऊन बसलाय. मला लवकरच उतरवतील, त्याचं दुःख नाही. मागणं एवढंच, मित्रांनो, की ते नियम ताजे ठेवा. शेजारी बदलतात, पत्ते बदलतात, तशा नोंदीही बदलायला हव्यात. नवा माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहे, पण अजून कोणाचंही ऐकतो. त्याला आधी ताईंपुढे बसवा. तारा मग जोडा.