नाझारेनोकाकांच्या दारातली फुलं

पंधरा वर्षं झाली, मी बाहेरच्या लोकांना आमचं गाव दाखवते. दाखवते म्हणजे पायी फिरवते आणि जागा सापडली की वही उघडून चित्र काढायला बसवते. धनगराच्या चीजच्या खोपटात, धुण्याच्या हौदावर, पावाच्या भट्टीपाशी. हात चालू लागला की माणसाचं तोंड बंद होतं आणि डोळे उघडतात, असं माझं मत. गावाचं मत असं की ओर्नेल्लाला धड नोकरी मिळाली नाही.

हे मत सगळ्यात मोठ्यानं बोलून दाखवायचे नाझारेनोकाका. वय ब्याऐंशी, जन्मभर सुतारकी केली. जूनमधल्या ख्रिस्तशरीराच्या सणाला आमची वरची गल्ली फुलांच्या गालिच्यानं भरते. त्याचं चित्र चाळीस वर्षं काकाच खडूनं फरसबंदीवर काढत आलेत. त्या गालिच्यावर पहिलं पाऊल पडायचं ते हातात पवित्र भाकरीचं सोनेरी पात्र घेतलेल्या पाद्रीबुवांचं. त्याआधी मांजर जरी फिरकलं तरी अर्धी गल्ली अंगावर धावून जाते.

यंदा गल्लीत आम्ही नऊ जण उरलो होतो, त्यातले पाच काठी टेकणारे. सणाच्या समितीनं बजावलं, अकरापर्यंत गालिचा पुरा झाला नाही तर मिरवणूक खालच्या रस्त्यानं नेऊ. इतर कुणाचं त्यात फारसं अडणार नव्हतं. पण काकांची बायको, इनेसकाकू, फेब्रुवारीपासून अंथरुणाला खिळल्या होत्या. आजारी माणसाच्या खिडकीखाली मिरवणूक थांबते आणि पाद्रीबुवा पात्र उंच धरून आशीर्वाद देतात. काकूंना तेवढंच हवं होतं. पुढच्या जूनबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते.

आदल्या दिवशी दुपारी मी काकांच्या दारात गेले.

"काका, माझ्याकडे सहा पाहुणे आहेत. सगळ्यांच्या हाताला वळण आहे."

"गल्लीबाहेरच्या हातानं इथं फूल पडायचं नाही."

"मग काकूंनी खिडकीतून काय बघायचं? तुमचा ताठा?"

वरच्या खिडकीतून काकूंचा बारीक पण खणखणीत आवाज आला, "ओर्नेल्ला, झाड त्याला चांगला! मला उठून झाडता येत नाही ना!"

काकांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. "पहाटे पाचला पाठव. पाच म्हणजे पाच."

पाचला सहाही जण हजर होते. तळघरातून पेट्या वर आल्या. जिनेस्त्राच्या झुडपाची पिवळी फुलं, खसखशीच्या लाल पाकळ्या, हिरव्यासाठी बारीक चिरलेली रानबडीशेप, तपकिरीसाठी महिनाभर वाळवलेला कॉफीचा चोथा. काकांनी खडू घेतला आणि पहिलीच रेघ थरथरत गेली. माझ्या पाहुण्यांतली मारिके, सहा फूट उंच निवृत्त पोस्टमन बाई, काकांच्या मागोमाग गुडघ्यांवर सरकत प्रत्येक वाकडी रेघ सरळ करत निघाली. काकांना ते दिसलं होतं. न दिसल्यासारखं करून ते पुढे गेले.

"ही उंटीण कुठली गं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"हॉलंडची."

"तिकडे फुलं नसतात?"

"भरपूर असतात. म्हणून तर हात बसलाय."

काका फुरफुरले. त्यांचं ते हसणंच होतं.

पावणेअकराला शेवटची पेटी रिकामी झाली. काकूंपाशी बसलेली शेजारीणही शेवटच्या घाईत खाली येऊन कामाला लागली होती. आम्ही सगळे गल्लीच्या खालच्या टोकाला उभे राहून बघत राहिलो. असा गालिचा माझ्या आठवणीत तरी झाला नव्हता. मग काकांची नजर स्वतःच्या दाराकडे गेली आणि त्यांचा चेहरा उतरला.

भिंतीलगत हातभर पट्टी आम्ही दरवर्षी कोरी सोडतो, घरच्या माणसांना जाता यावं म्हणून. इतकी सवयीची गोष्ट, की ती सांगावी लागते हेच मला सुचलं नाही. उलट कागदाची कड कोरी सोडू नका, हे मी पंधरा वर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडत आले होते. त्यांनी इमानेइतबारे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फुलं भरली होती. काकांचं दार गल्लीच्या मध्यावर. आत काकू एकट्या, आणि आधार देऊन खिडकीशी बसवल्याशिवाय त्यांना खालचं काही दिसणार नव्हतं.

"झाडून वाट करते," मी म्हटलं.

"झाडू लागला तर निम्मं चित्र जाईल," काका म्हणाले. तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली.

"नाझारेनो!" वरून हाक आली. "येतोस ना?"

"कसा येऊ? सगळीकडे फुलं आहेत."

"मग काय झालं?"

"देवाच्या आधी मी पाय देऊ?" काकांचा आवाज फाटला.

काकू म्हणाल्या, "देवाला मी समजावते. तुझ्यापेक्षा तो माझं जास्त ऐकतो. तू ये."

काकांनी बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. अकरा पावलं टाकली त्यांनी, निखाऱ्यांवरून चालावं तशी, आणि दार उघडून आत गेले. लाल-पिवळ्यात अकरा ठसे उरले. मला वाटलं, हा माणूस हे स्वतःला कधी माफ करणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

आमचे पाद्रीबुवा, फादर फुल्वियो, मिरवणुकीच्या छत्राखालून आले आणि ठशांपाशी थांबले. मी पुढे झाले. "फादर, चूक माझी आहे. काकूंना बसवायला..."

त्यांनी वर पाहिलं. खिडकीत दोन पांढरी डोकी एकमेकांना टेकली होती. मग त्यांनी पाऊल उचललं आणि काकांच्या ठशात ठेवलं. मग दुसरं, दुसऱ्या ठशात. पाय लांब, ठसे म्हाताऱ्याचे, त्यामुळे छत्र धरणाऱ्या चौघांची तारांबळ उडाली. खिडकीखाली येऊन त्यांनी पात्र उंच धरलं. काकूंनी क्रुसाची खूण केली, आणि काकांनी त्यांचे खांदे दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.

मी रडले, उगाच लपवत नाही. फादरांचे, त्या सहा जणांचे आणि मला आजवर सहन करणाऱ्या या खडूस गल्लीचे उपकार मला त्या एका क्षणात एकदमच जाणवले.

मिरवणूक पुढे गेली की फुलं कुणीही तुडवावीत, अशी आमच्याकडे रीत आहे. पोरं तर वाटच बघत असतात. माझे पाहुणे मात्र भिंतीला पाठ लावून उभे होते, एकाचाही पाय पुढे होईना.

काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय खांबासारखे उभे राहिलात? वर या! हिला तुम्हांला बघायचंय."

मारिकेनं फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं ए उंटीण, ये की तुडवत! तुमचीच आहेत ती!"

मी भाषांतर करायच्या आत तिनं बूट काढले होते.