चोरटा श्वास

बुवा आजारी पडले तेव्हा घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. ताप काय, येतो नि जातो. गात गात देवाच्या गोष्टी सांगणारा माणूस, त्याचा घसा वर्षातून दोनदा बसायचाच. पण या वेळी खोकला घशातून छातीत उतरला. जिना चढताना बुवा मधल्याच पायरीवर बसले आणि भिंतीला टेकून हसत म्हणाले, “या पायरीची विचारपूस राहिली होती.” बायकोही हसली. त्या हसण्याची रुखरुख तिला पुढे बरेच दिवस पुरली.

आता ते अतिदक्षता विभागात होते. विषाणूचा न्यूमोनिया, दोन्ही फुप्फुसं धरलेली. नाकात जाड नळ्या, त्यातून कोमट, दमट प्राणवायू एवढ्या जोरानं यायचा की शेजारी उभं राहिलं तर वाऱ्यावर पडदा फडफडल्यासारखा आवाज ऐकू यावा. दिवसातला बराच वेळ पालथं झोपायचं, म्हणजे पाठीकडच्या फुप्फुसाला जागा मिळते. बुवा त्यावरही बोलून मोकळे झाले होते की जन्मभर देवापुढे लोटांगण घातलं, ते कमी पडलं म्हणून आता डॉक्टरांपुढे. सिस्टर हसल्या. दोन दिवसांत सगळा वॉर्ड त्यांना गाणारे काका म्हणू लागला, आणि बायको अर्थातच काकू झाली.

काकूंना रोज थोडा वेळ आत सोडायचे. अंगावर गाऊन, तोंडाला मास्क, हातमोजे. आत गेलं की आधी त्या मॉनिटरवरचा प्राणवायूचा आकडा बघायच्या आणि मग नवऱ्याचं तोंड. आकडा वाईट असायचा, तोंड प्रसन्न असायचं. कुणावर विश्वास ठेवावा?

डॉक्टरबाईंचीही तीच अडचण होती. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, डोळ्यांखाली झोप साचलेली. त्यांनी काकूंना आणि धाकट्या दिरांना बाहेर बाकावर बसवून नीट समजावलं होतं. या आजारात नुसत्या आकड्यावर भागत नाही. रोगी दमलाय का, हे बघावं लागतं. दमला तर घशातून नळी घालून श्वास यंत्राच्या हवाली करायचा. उगाच घातली तर नळीचे स्वतःचे धोके, आणि उशिरा घातली तर घालताना हृदयच बंद पडू शकतं. म्हणून राउंडला त्या बुवांना एका दमात आकडे मोजायला लावायच्या. रोज मजल कमी पडायला लागली की समजायचं, दम सरत आला.

बुवांची मजल कमी पडत नव्हती. उलट ते आकडे चालीवर म्हणायचे, लांबवर न्यायचे आणि शेवटी डॉक्टरबाईंकडे बघून भुवई उडवायचे. त्या दिवशीही तसंच झालं. सिस्टरांनी “वा, काका” म्हटलं. डॉक्टरबाई कपाळाला आठी घालून रक्ताचा रिपोर्ट पुन्हा वाचत राहिल्या.

काकूंना मात्र ते मोजणं खरं वाटलं नाही.

कारण त्यांनी तो श्वास ऐकला होता. तीस वर्षं त्या नवऱ्याच्या मागे बसून सूर धरत आल्या होत्या. ओळीच्या मधोमध, शब्दाच्या आडोशानं, नाकातून निसटता श्वास कसा घ्यायचा ही बुवांची खास विद्या. चोरटा श्वास म्हणायचे ते त्याला. नव्या शिष्याला सांगायचे, लोकांना धाप दिसता कामा नये. लोकांना वाटलं पाहिजे की आतून देवच वाहतोय, याला दम लागतोच कुठे. ऐकणाऱ्या हजार माणसांत तो श्वास एकालाही कळत नसे. कळायचा तो फक्त मागे बसलेल्या बायकोला, कारण तिला तिथे सूर सांभाळून घ्यावा लागायचा.

आणि आज बुवांनी ते आकडे मोजताना असा श्वास एकदा नाही, जवळजवळ प्रत्येक आकड्याआड घेतला होता.

डॉक्टरबाई पुढच्या खाटेकडे वळल्या तशा काकू वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “तुम्ही चोरताय.”

बुवांनी डोळे मिटले. बायकोपुढे सोंग चालायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. दोन-दोन शब्दांवर थांबत त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश एवढाच, की नळी जिथून घालतात तिथेच आवाज असतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची नळी काढली तेव्हा त्याचा आवाज त्यांनी ऐकला होता, फाटक्या कापडासारखा. तसलं जगणं त्यांना नको होतं. हा गळा देवाला दिलेला आहे, तो कुणाच्या हाती द्यायचा नाही. आणखी दोन दिवस रेटले की उतार पडेल.

“आणि नाही पडला तर?”

“त्याची इच्छा.”

काकूंना राग आला. “त्याच्या नावावर खपवू नका,” त्या म्हणाल्या. “पुरात मूर्ती वाचवायला गेलेल्या माणसाची गोष्ट तुम्हीच सांगता ना? मूर्ती सोडेना म्हणून बुडाला, आणि वर गेल्यावर देव त्याला म्हणाला, बाबा रे, मी बुडून देवच राहिलो असतो, तुझं काय?”

या गोष्टीला लोक नेहमी पोट धरून हसायचे. बुवा हसले नाहीत.

“ती लोकांसाठी होती,” ते म्हणाले, आणि बायकोचा मनगटाशी धरलेला हात आवळला. “तू बोलू नकोस. माझी शपथ.”

या माणसाचा शब्द काकूंनी आजवर खाली पडू दिला नव्हता. दागिना मोडला, दूरदूरचे प्रवास केले, मुलीच्या बाळंतपणातसुद्धा अर्ध्यातून उठून मागे सूर धरायला जाऊन बसल्या. सगळं त्या गळ्यासाठी. तो गळा त्यांचाही देव होता, म्हटलं तर. त्या गळ्यातून ऐकलं म्हणून तर त्यांना देव कळला. आता सांगावं तर विश्वासघात. गप्प बसावं तर कुंकवाचा धनी डोळ्यांदेखत जाणार. देवा, माणसाला इतकं अवघड कोडं घालू नये. आणि घातलंसच, तर निदान विचार करायला वेळ तरी द्यावास.

वेळ नव्हता. बुवांच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या आणि गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत ओढला जात होता. चादर हनुवटीपर्यंत त्यांनी स्वतःच ओढून घेतली होती. थंडी वाजते म्हणून, असं सिस्टरांना सांगितलं होतं.

काकूंनी आधी आपला हात सोडवला. मग ती चादर खाली केली.

“डॉक्टर,” त्यांनी हाक मारली. आवाज आपला वाटेना. “यांचं मोजणं खरं नाही. ते मधे श्वास चोरतात. तुम्हाला ऐकू येणार नाही, तो त्यांचा धंदाच आहे.”

डॉक्टरबाई परत आल्या. त्या म्हणाल्या की रिपोर्ट आणि बोलणं जुळत नाही हे त्यांना सकाळपासून टोचत होतं, फक्त कारण सापडत नव्हतं. त्यांनी एक हात बुवांच्या गळ्यावर ठेवला, एक बरगड्यांखाली, आणि पुन्हा मोजायला सांगितलं. बुवांनी सुरुवात केली. हाताखाली काहीच लपेना. चारावर ते थांबले.

डॉक्टरबाई खुर्ची ओढून त्यांच्या तोंडासमोर बसल्या. “काका, तुम्ही दमलाय. आत्ता नळी घातली तर शांतपणे घालता येईल. संध्याकाळी घालायची वेळ आली तर धावपळीत घालावी लागेल. आवाजाची हमी मी देत नाही. बहुतेकांचा परत येतो, पण तुमचा पहिल्यासारखाच येईल असं मी म्हणणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी घालणार नाही.”

बुवांनी मान हलवली. होकारच होता, पण बायकोकडे न बघता दिलेला. पडदा ओढण्याआधी ते एवढंच म्हणाले, “एवढं तरी राखायचं होतंस.”

बाहेर दीर वाट बघत होते. आतली हकीकत ऐकून ते बाकावरून उठले, पुन्हा बसले. वाईट माणूस नव्हते ते. भावावर जीव होता आणि भीतीनं जीभ सैल सुटली होती. “वहिनी, दादांचं आयुष्य म्हणजे त्यांचा आवाज. तो गेला तर उरलं काय? नुसतं धूड घरी न्यायचं? मी असतो तर गप्प बसलो असतो.”

“तुम्ही मागे बसत नव्हता, भाऊजी,” काकू म्हणाल्या. “तुम्हाला ऐकूच आलं नसतं.”

नंतरचे दिवस यंत्राचे होते. बुवांना झोपेचं औषध दिलं होतं. त्यांना पालथं करायला पाच माणसं लागायची. डोक्याशी उभी असलेली सिस्टर एका हातानं नळी जपायची आणि तिच्या शब्दावर बाकीचे एकदम वळवायचे. तोंड सुजलं, ओठ फुटले, गालावर नळीच्या पट्टीचा वण उठला. एकदा रक्तदाब इतका खाली गेला की काकूंना घाईनं बाहेर काढलं. त्या जिन्याशी उभ्या राहून देवाशी भांडल्या, घरच्या वडीलधाऱ्याशी भांडावं तशा. आवाज ठेव असं त्यांनी मागितलं नाही. तेवढं मागायचं तोंड आपल्याला उरलेलं नाही, असं वाटलं. राग राहू दे त्यांच्या मनात, म्हणाल्या, जन्मभर राहू दे, पण राग धरायला माणूस ठेव.

नळी निघाली त्या दिवशी काकू आत गेल्या तेव्हा बुवा अर्धवट बसते होते. गालफडं बसलेली, हनुवटीवर पांढरे खुंट. त्यांनी बायकोला पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. ती अशक्तपणानं वळली की मुद्दाम, हे काकूंना कळेना. आवाज येत नाही म्हणून गप्प आहेत की बोलायचंच नाही म्हणून, तेही कळेना.

“मीच सांगितलं,” त्या म्हणाल्या. “शपथ मोडली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन. रागवायचं तर रागवा, पण आधी धड बसते व्हा.”

बुवांचे ओठ हलले. आतून नुसती हवा आली, मग खरखर, मग कसाबसा एक शब्द. हजार माणसांना पुरणाऱ्या त्या गळ्यातून आलेला तो शब्द ऐकायला काकूंना कान त्यांच्या ओठांशी न्यावा लागला.

“पाणी.”

काकूंचा हात भांड्याकडे गेलाच होता. सिस्टरांनी दुरूनच नको अशी मान हलवली. नळी निघाल्यावर गिळणं तपासल्याशिवाय पाणी नाही. घोट छातीत गेला तर केलेलं सगळं वाया.

नवऱ्यानं पुष्कळ दिवसांनी काही मागितलं होतं. काकूंनी भांडं मागे सारलं.

“आत्ता नाही,” त्या म्हणाल्या.

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत काय होतं ते वाचायला काकू थांबल्या नाहीत. त्यांनी कापसाचा बोळा ओला केला, नीट पिळला, आणि फुटलेल्या ओठांवरून हळूहळू फिरवायला लागल्या.